शंका कॅमेऱ्याच्या : उघडी माती, अद्भुत फोटो

मागच्या अंकात अमेरिकेत साउथ डकोटातल्या बॅडलँड्सचा, म्हणजे झिजून ओघळी पडलेल्या उघड्या मातीच्या सुळक्यांचा, माझा एक फोटो छापून आला आणि या महिन्याचं सगळं टपाल तिकडेच वळलं. एका वाचकाने तर सरळ विचारलंय, "हे खरं आहे की कॉम्प्युटरवर केलंय?" खरं आहे. निम्मं आयुष्य कॉलेजात भूशास्त्र शिकवण्यात गेलं, त्यामुळे मातीच्या बाबतीत थापा मारायची सवय नाही. बाकीच्या प्रश्नांपैकी जेवढे बसले तेवढे इथे घेतले आहेत.

प्रश्न : ताई, जूनच्या मध्यावर मुलीकडे डेन्व्हरला जातेय. तिथून तीन रात्रींसाठी बॅडलँड्स नॅशनल पार्कला जायचं ठरतंय. मिररलेस कॅमेरा आहे, २४-७० आणि ७०-३०० अशा दोन लेन्स आहेत. परीकथेतल्या राज्यासारखे फोटो हवेत. कुठे आणि कधी उभी राहू? — वाचिका, ठाणे

आधी मुक्कामाचं बघा, लेन्सचं नंतर. डेन्व्हरहून गाडीने सहा-सात तास लागतात. रॅपिड सिटीत हॉटेलं भरपूर म्हणून तिथे पथारी टाकू नका. तिथून पार्क तासाभराच्या वर आहे आणि जूनमध्ये तिथे सूर्य पाचच्या ठोक्याला वर येतो. उजेड त्याच्याही अर्धा तास आधीपासून कामाचा असतो. म्हणजे साडेतीनला गाडीत बसायला हवं. हे पहिल्या दिवशी उत्साहात होतं, दुसऱ्या दिवशी घरचे पांघरूण ओढून घेतात. पार्कातच सेडर पासला राहायची सोय आहे, ती मिळाली नाही तर शेजारी इंटीरियर नावाचं छोटं गाव आहे किंवा उत्तरेला वॉल. यांपैकी कुठेही राहा.

आता ऊन. तिथली माती मुळात फिकी आहे. सगळ्यात खाली जुन्या समुद्रतळाचा काळपट थर, त्याचं वय ७ कोटी वर्षांच्या आसपास. समुद्र हटल्यावर त्याच चिखलाचा वरचा भाग हवेने, पाण्याने पिवळा पडला. त्यावर गेरूच्या रंगाचा थर, मग राखाडी, मग बदामी मातीत लाल पट्टे आणि मधूनच पश्चिमेकडच्या ज्वालामुखींच्या राखेचा पांढरट थर. ऐकायला रंगपंचमी वाटते, पण दुपारी बाराला तिथे उभं राहिलात तर सगळं एकजात मळकट पांढरं दिसतं. ऊन डोक्यावर असलं की ओघळींना सावलीच उरत नाही, आणि हा सगळा प्रदेश म्हणजे ओघळीच आहेत. सावली नसेल तर आकार नाही, आकार नसेल तर परीकथा नाही. म्हणून सूर्य क्षितिजापासून हातभर वर असेपर्यंतच काम करायचं आणि ऊन समोरून किंवा पाठीवरून न घेता बाजूने घ्यायचं. बाजूच्या उन्हात प्रत्येक धारेची एक कड उजळते आणि दुसरी बुडते. अर्ध्या तासात फोटो संपतात, हे गृहीत धरून आदल्या संध्याकाळी जागा हेरून ठेवा.

सकाळसाठी ईशान्य प्रवेशद्वाराजवळचा बिग बॅडलँड्स ओव्हरलुक, किंवा त्याच्या जवळच सुरू होणारी डोअर ट्रेल. डोअर ट्रेलला आधी लाकडी फळ्यांची वाट आहे, ती संपली की नुसत्या खुणेच्या खांबांवरून पुढे जायचं. तिथे सुळक्यांच्या मधोमध उभं राहता येतं. या पार्कात एक सवलत आहे जी अमेरिकेतल्या बऱ्याच पार्कांत नाही : ठरलेली पायवाट सोडून चालायला परवानगी आहे. तिचा फायदा घ्या, पण परतीच्या दिशेचा एक फोटो मोबाइलवर काढून ठेवा. दहा मिनिटांत सगळ्या घळी सारख्या दिसायला लागतात. संध्याकाळी पश्चिमेकडे, यलो माउंड्स आणि कोनाटा बेसिन. पिवळ्या-तांबड्या टेकड्या तिथेच आहेत. सूर्य मावळताना पिनॅकल्स ओव्हरलुक गाठा. मावळतो साडेआठनंतर, त्यामुळे जेवण आधी उरकून घ्या.

तुमच्या दोन लेन्सपैकी मी ७०-३०० आधी लावेन, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लांब लेन्स. रुंद लेन्समध्ये आकाश, रस्ता, कठडा, पार्क केलेली गाडी, सगळी वऱ्हाडी मंडळी येऊन बसतात. लांब लेन्सने दोन-तीन रांगा एकमेकींना चिकटवून घ्या आणि चौकटीतून आकाश काढून टाका. झाडं तर त्या सुळक्यांवर जवळजवळ नाहीतच. म्हणजे बघणाऱ्याला मोजायला काहीच उरत नाही, आणि मग पंचवीस फुटांची टेकडी हिमालयाएवढी वाटते. अद्भुत वाटण्याचं बहुतेक गुपित एवढंच आहे. तुम्ही काय आत घेतलं यापेक्षा काय बाहेर ठेवलं, यावर ते ठरतं.

सेटिंगचा बाऊ करू नका. एफ ८ ते एफ ११ (लेन्सचं भोक), आयएसओ १०० (उजेडाची संवेदनशीलता), ट्रायपॉड, रॉ फाइल (कॅमेऱ्याने न बदललेला मूळ फोटो). व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटा सावरणारं सेटिंग, डेलाइटवर ठोकून ठेवा. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा इमानेइतबारे पहाटेची लाली पुसून टाकेल. फिकी माती चौकटभर असली की कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं आणि फोटो काळवंडतो. हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख, बघून पाऊण स्टॉपपर्यंत एक्स्पोजर वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), मात्र आलेखाची उजवी कड भिंतीला धडकू देऊ नका.

जून हा त्या भागात पावसाचा महिना. संध्याकाळी काळे ढग चढतात, गारा पडतात, विजा चमकतात. टेकाडाच्या माथ्यावर धातूचा ट्रायपॉड धरून उभं राहायची ती वेळ नव्हे, गाडीत बसा. पण पाऊस ओसरताना पश्चिमेला ढगाला फट पडली तर सगळं सोडून बाहेर या. मागे काळं आभाळ, पुढे ओली आणि म्हणून गडद झालेली माती, वर आडवं पिवळं ऊन. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) असेल तर तेव्हा लावा, ओल्या मातीची चकाकी उतरते आणि लाल पट्टे उठून दिसतात. मात्र चाललात तर सांभाळून. त्या मातीत राखेपासून झालेली बेंटोनाइट चिकणमाती आहे. कोरडी असताना तिचा पृष्ठभाग लाह्या पसरल्यासारखा फुगीर, भुसभुशीत असतो आणि पाय ठेवला की करकरतो. पाणी पिऊन ती फुगते. पहिल्या पावलाला बूट निसटतो, दहाव्या पावलाला तळव्याखाली बोटभर जाडीचा थर चिकटलेला असतो आणि पाय उचलवत नाही. उतारावर तर नकोच. ही अशी फुगणारी, आकसणारी, तडकणारी माती धरून ठेवायला मुळं नाहीत, म्हणून तर तो प्रदेश वर्षाला सरासरी इंचभर झिजतो. झीज सुरू होऊन पाच लाख वर्षं झाली असं मानतात.

पाणी बरोबर न्या. ओढ्यातलं पाणी गाळाने दुधाळ असतं, पिण्याच्या कामाचं नाही. गवतात रॅटलस्नेक असतो. गवे दिसले तर लांब लेन्सचा तो दुसरा उपयोग.

प्रश्न : मुलाने कॅलिफोर्नियात डेथ व्हॅलीचा झॅब्रिस्की पॉइंट दाखवला. डोळ्यांना जे भव्य दिसलं ते फोटोत नुसती माती दिसते. असं का? — वाचक, नाशिक

तुम्ही पाठवलेल्या फोटोवर वेळ आहे दुपारी १:४०. अर्धं उत्तर तिथेच आहे, ते वर दिलं आहे. झॅब्रिस्की ही पहाटेची जागा. तुम्ही पश्चिमेकडे बघत असता. आधी पलीकडच्या पॅनामिंट रांगेची टोकं गुलाबी होतात, मग ऊन खाली उतरत उतरत मॅन्ली बीकन नावाच्या त्या चोचीसारख्या सुळक्यापर्यंत येतं. पन्नासेक लाख वर्षांपूर्वी तिथे सरोवर होतं. त्याच्या तळाचा गाळ म्हणजे तुम्हाला दिसल्या त्या सोनेरी घड्या.

उरलेलं अर्धं उत्तर मापाचं. डोळा फिरतो, मान वळते, शेजारी बायको उभी असते. मेंदू त्यावरून अंतर लावतो. फोटोला हे काही नसतं. तेव्हा एक तर मापाची वस्तू पूर्ण काढून टाका, नाहीतर मुद्दाम अशी ठेवा की बघणारा दचकेल. आमच्या ह्यांचं एक लाल जॅकेट आहे. ते घालून त्यांना दूरच्या धारेवर उभं करते आणि चौकटीत जेमतेम तांदळाएवढे दिसतील इतकी मागे येते. "हात वर करू का?" असं ते दरवेळी विचारतात. नको. पाठमोरे, स्वस्थ उभे राहा. हात वर केलेला माणूस सहलीचा वाटतो, पाठमोरा माणूस कुठल्यातरी गोष्टीतला वाटतो.

याच्या उलटही करता येतं. न्यू मेक्सिकोत फार्मिंग्टन गावाच्या दक्षिणेला बिस्टी नावाचं रान आहे. तिथे वाळूच्या दगडाची टोपी आणि तिच्याखाली चिकणमातीचा बारीक देठ, असे हजारो खांब आहेत. पावसाने आजूबाजूची माती वाहून नेली, टोपीखालची तेवढी वाचली. त्यातले कित्येक जेमतेम गुडघ्याएवढे आहेत. उभ्याने फोटो काढला तर कुंडीतलं रोप. पोटावर झोपून, रुंद लेन्स जमिनीपासून वीतभर ठेवून, खांबाच्या टोपीमागे नुसतं आकाश येईल असा काढला तर राक्षसाचा दरबार. जवळचा खांब आणि दूरची रांग दोन्ही स्पष्ट हवेत, म्हणून ट्रायपॉड न हलवता दोन-तीन फोटो वेगवेगळ्या फोकसवर काढून नंतर कॉम्प्युटरवर जोडा. खांबाला हात लावायचा नाही, त्यावर चढायचं नाही, आणि तिथे पडलेलं दगड झालेलं लाकूड खिशात घालायचं नाही. कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

प्रश्न : अशा ठिकाणी आकाशगंगेचा फोटो कसा जमवायचा? — वाचक, पुणे

तुम्ही कुठल्या अक्षांशावर आहात ते आधी बघा. हे कुणी सांगत नाही. आकाशगंगेचा जाड, तेजस्वी मध्यभाग धनू राशीत आहे. आपल्याकडे नाशिक-पुण्याहून तो दक्षिणेला चाळीस अंशांहून वर चढतो. म्हणजे खाली जमीन आणि वर आकाशगंगा एका चौकटीत घ्यायला खूप रुंद लेन्स किंवा उभा पॅनोरामा लागतो. साउथ डकोटातून तोच भाग फक्त सतरा अंश वर येतो, बरोबर सुळक्यांच्या डोक्यावर. साध्या २४ मिमी लेन्समध्ये दोन्ही बसतात. जूनमध्ये तो रात्री एकच्या सुमारास ऐन दक्षिणेला असतो. मात्र तिथे जूनची रात्र आखूड. खरा काळोख अकराच्या सुमारास पडतो आणि तीनच्या आत फिटतो. अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडा. एफ २.८, वीस सेकंद, आयएसओ ३२०० पासून सुरुवात करा.

पण मनातलं सांगू? मला मातीच्या प्रदेशात आकाशगंगेपेक्षा चांदणं आवडतं. आकाशगंगेच्या फोटोत खालची टेकडी काळी ठिक्कर राहते, मग लोक तिच्यावर टॉर्च मारतात आणि ती नाटकाच्या सेटवरची दिसते. पौर्णिमेच्या अलीकडे-पलीकडे चंद्र जरा तिरपा असताना एफ ४, आयएसओ १६००, दहा-पंधरा सेकंद द्या. फिकी माती चांदण्यात इतकी उजळते की फोटो दिवसासारखा दिसतो आणि आकाशात तारे असतात. बघणाऱ्याला काहीतरी चुकतंय एवढंच जाणवतं, काय ते कळत नाही.

असाच आणखी एक बेवारस वेळ आहे, सूर्य मावळल्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं. लोक ट्रायपॉड गुंडाळून निघतात तेव्हा सूर्याच्या विरुद्ध दिशेला बघा. क्षितिजावर निळसर राखाडी पट्टा चढत असतो, ती पृथ्वीची सावली, आणि तिच्यावर गुलाबी पट्टा. पहाटेही हेच उलट क्रमाने पश्चिमेला दिसतं. युटातल्या हँक्सव्हिलजवळ निळसर राखाडी शेलच्या (चिखलापासून झालेल्या ठिसूळ दगडाच्या) ओघळी आहेत, मूनस्केप ओव्हरलुकच्या कड्यावरून त्या खाली पसरलेल्या दिसतात. तिथे सूर्योदयाआधीच्या त्या निळ्या उजेडात एकही सावली नसते आणि तरी प्रत्येक ओघळ दिसते. ऊन आलं की ती जमीन पृथ्वीवरची होते.

प्रश्न : आम्ही तीन पिढ्या ग्वाल्हेरचे मराठी. चंबळच्या बीहडांचे, म्हणजे घळींच्या रानाचे, फोटो काढावेत असं मनात आहे, पण घरचे "तिकडे काय आहे, डाकूंची जागा" म्हणतात. — वाचिका, ग्वाल्हेर

घरच्यांना सांगा, साउथ डकोटाला जायला लाखो रुपये मोजणारे लोक आहेत आणि तुमच्या दारात त्याच जातकुळीची जमीन आहे. फरक असा की तिकडची खडक होत आलेली जुनी माती आहे, तुमची नदीने आणलेला गाळ. रंगांचे पट्टे मिळणार नाहीत, आकार मात्र भरपूर मिळतील. झुडपंही जास्त आहेत, ती मापाचा भास मोडतात, म्हणून बोडक्या धारा शोधाव्या लागतील.

तुमच्याकडे जे आहे ते अमेरिकेतल्या त्या वाळवंटांत सहसा मिळत नाही : डिसेंबर-जानेवारीतलं धुकं. घळी धुक्याने भरलेल्या आणि माथे तेवढे वर आलेले, अशी सकाळ मिळाली तर दुसरं काही करू नका. भिंड जिल्ह्यात चंबळच्या काठावर अटेरचा किल्ला आहे, भदौरिया राजांनी सतराव्या शतकात बांधलेला. घळींच्या पार्श्वभूमीवर तो पडका किल्ला लांब लेन्सने घ्या. धुक्यात मीटर फसतं, एक स्टॉप वाढवा, नाहीतर धुकं धुरकट राखाडी येईल. फोटो सुधारताना डीहेझची (धुरकटपणा काढणारी) पट्टी उजवीकडे न नेता थोडी डावीकडे न्या. धुकं काढायला बसलात तर फोटोत उरलं काय?

सावधगिरी डाकूंची नको, कडांची हवी. गाळाची कड वरून पक्की दिसते आणि खालून पोखरलेली असते. कडेपासून चार पावलं मागे ट्रायपॉड लावा. गावातला कुणी जाणता सोबत घ्या. नदीचा पट्टा घडियाल सुसरींसाठी राखलेलं अभयारण्य आहे, तिथले नियम वनखात्याकडून विचारून घ्या.

प्रश्न : लडाखच्या ग्रुप टूरमध्ये लामायुरूच्या 'मूनलँड'ला बस दुपारी बाराला थांबणार, पाऊण तास. कॅमेरा नाही, फोन आहे. काही होईल का? — वाचक, कोल्हापूर

होईल. गाइडशी भांडू नका, वेळ बदलणार नाही. तिथली पिवळट माती म्हणजे जुन्या सरोवराचा गाळ. नारोपा या बौद्ध सिद्धांच्या आणि आटलेल्या तळ्याच्या कथा तिथे ऐकाल, त्या ऐका, पण फोटोची पाऊण तासातली दहा मिनिटं बाजूला ठेवा. ढग असतील तर ढगांच्या सावल्यांवर नजर ठेवा. सावली टेकड्यांवरून सरकत असते. तुमच्या आवडीच्या एकाच सुळक्यावर ऊन आणि मागचं-पुढचं सगळं सावलीत, असा क्षण येतो. फोन तयार ठेवून वाट बघा. त्या उजळ सुळक्यावर बोट ठेवून एक्स्पोजर खाली ओढा.

ढग नसतील तर आकाश सोडून द्या. फोनच्या तीन पट किंवा पाच पट लेन्सने ओघळींच्या जाळ्याचा एक तुकडा घ्या आणि तो कृष्णधवल करा. चुरचुरीत कोरडेपणा दुपारच्या उन्हातच नीट येतो. सगळा ग्रुप ज्या कठड्याला टेकून सेल्फी काढतो तिथून पन्नास पावलं बाजूला व्हा, एवढी हिंमत पुरे. पस्तीसशे मीटर उंचीवर आहात, पळत जाऊ नका.

प्रश्न : मुलगा बॅडलँड्सच्या फोटोत दोन चंद्र आणि एक उडता ड्रॅगन टाकतो आणि ते फोटो स्पर्धेला पाठवतो. हे योग्य का? — वाचिका, डोंबिवली

ड्रॅगन टाकू दे. तेवढ्यासाठी मुलावर रागवू नका. अट एकच, जे केलं ते लिहायचं. स्पर्धेत फेरफार केलेल्या चित्रांचा वेगळा गट असेल तर तिथे पाठवावं. नसेल तर पाठवू नये, कारण निसर्गचित्रांच्या गटात ते शिरवणं म्हणजे सरळ फसवणूक आहे आणि परीक्षक रॉ फाइल मागतात.

त्याचं चित्र मी बघितलं. कौशल्य आहे, पण खगोल कच्चं आहे. सुळक्यांवर ऊन डावीकडून पडतंय आणि चंद्रकोरीची उजळ बाजू उजवीकडे आहे. कोर नेहमी सूर्याकडे तोंड करून असते. पूर्ण चंद्र मागे ठेवायचा तर सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी हवा, म्हणजे सुळक्यांच्या बाजूला पडणाऱ्या लांब सावल्या तिथे असूच शकत नाहीत. आणि पूर्ण चंद्राशेजारी लखलखीत आकाशगंगा कधीच दिसत नाही, चंद्रप्रकाशात ती बुडते. कल्पित जगालाही उजेडाची दिशा पाळावी लागते, ती चुकली की बघणाऱ्याचा विश्वास पहिल्या फटक्यात उडतो.

एवढं सगळं न करता खऱ्या फोटोलाच थोडं गूढ करायचं असेल तर जुनी युक्ती आहे. मायकेल ऑर्टन या कॅनडातल्या छायाचित्रकाराने १९८० च्या दशकात दोन पारदर्शिका (फिल्मच्या स्लाइड) एकावर एक ठेवायला सुरुवात केली, एक स्पष्ट आणि एक धूसर. कॉम्प्युटरवर तेच करता येतं : त्याच फोटोची धूसर केलेली प्रत वर ठेवायची आणि तिचं प्रमाण दहा-पंधरा टक्क्यांवर आणायचं. पन्नास टक्क्यांवर नेलंत तर लग्नाचा अल्बम होतो. रंग भडक करणाऱ्या सॅच्युरेशनला शक्यतो हात लावू नका. त्याऐवजी उजळ कडा ब्रशने किंचित उजळा आणि घळींचे तळ किंचित दाबा. मागच्या अंकातल्या माझ्या फोटोत एवढंच केलं होतं, रंग मातीचेच आहेत.

प्रश्न : महाराष्ट्रात असं काही नाहीच का? — वाचक, संगमनेर

अहो, तुम्ही संगमनेरहून विचारताय! तुमच्या प्रवरेच्या काठी जुन्या गाळात पडलेल्या घळींवर भूरूपशास्त्राच्या अभ्यासकांनी संशोधन केलंय. जळगावकडे तापीच्या काठीही अशा घळी आहेत. आपला बाकीचा मुलूख बेसॉल्टचा. तो पायऱ्यापायऱ्यांनी झिजतो, त्यात असे ओघळींचे महाल होत नाहीत. नदीने साठवलेल्या मऊ गाळातच ते होतात.

आकार लहान आहेत, म्हणून वर बिस्टीबद्दल सांगितलं ते इथे लागू करा. कॅमेरा खाली न्या. गाळात चुनखडीचे पांढरे खडे विखुरलेले असतात. सकाळच्या आडव्या उन्हात त्या प्रत्येक खड्याची सावली लांब पडते, आणि जवळून घेतल्यावर ते शिळांएवढे वाटतात. दिवाळीपर्यंत गवत असतं, ते वाळून, चरून जमीन उघडी पडली की फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. धूळ हवेत असते, ती मावळतीला उपयोगी पडते. मात्र उशीर करू नका. या घळी बुलडोझर लावून सपाट होताहेत आणि तिथे शेती येतेय. शेतकऱ्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, ऊस फोटोपेक्षा जास्त पैसे देतो. जमीन त्याची आहे, आत शिरण्याआधी विचारा.

निघोजचे रांजणखळगे तर माहीत असतीलच, पारनेर तालुक्यात, कुकडीच्या पात्रात. ती बॅडलँड्स नव्हेत, कठीण बेसॉल्टमध्ये पुराच्या पाण्याने गरगर फिरवलेल्या गोट्यांनी कोरलेले रांजण आहेत. पण अद्भुत म्हणाल तर मी ते आधी मोजेन. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर, देवीच्या दर्शनाची गर्दी यायच्या आधी, सकाळी लवकर जा. काळा दगड मीटरला उलट बाजूने फसवतो, तिथे एक्स्पोजर कमी करावं लागतं. शेवाळलेल्या कडेवर पाय देऊ नका, काही रांजण खोल आहेत.

प्रश्न : ड्रोन? — वाचक, ठाणे

अमेरिकेच्या नॅशनल पार्कांत २०१४ पासून बंदी. बिस्टीच्या राखीव रानातही उडवता येत नाही. भारतात ड्रोन नियम २०२१ प्रमाणे सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या पट्ट्यात आहे का ते आधी बघा, आणि लडाखसारख्या सीमाभागात स्थानिक प्रशासनाला विचारल्याशिवाय पेटीतून बाहेरही काढू नका. शिवाय वरून घेतलेल्या फोटोत सुळके चपटे होतात, हे माझं वैयक्तिक दुखणं.

प्रश्न : अशा ठिकाणची धूळ आणि चिखल कॅमेऱ्यातून कसा काढायचा? — वाचिका, सातारा

आत जाऊच द्यायचा नाही. दोन लेन्स असतील तर लेन्स गाडीत बसून, खिडक्या लावून बदला, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून. सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या भागावर) कण दिसला तर रबरी फुग्याने हवा मारा, तोंडाने फुंकू नका. पुसायची वेळ आली तर जाणकाराकडे द्या. ट्रायपॉडला चिकणमाती लागली असेल तर पाय ओले असताना आत ढकलू नका, सांध्यातली माती सुकली की तो पाय पुन्हा बाहेर येत नाही. पाय पूर्ण उघडे ठेवून माती वाळू द्या, मग जुन्या दात घासायच्या ब्रशने झाडा, आणि घरी आल्यावर पेच सोडवून साध्या पाण्याने धुवा. बुटांचंही तसंच, आणि गाडी भाड्याची असेल तर डिकीत जुनी चादर अंथरा.